निवृत्तीनंतरचं गाव : कन्नड, सिल्लोड की सोयगाव?

पुण्या-मुंबईतली नोकरी संपवून मराठवाड्याच्या उत्तर भागातल्या एखाद्या लहान गावी राहायला जावं का, या विषयावर वाचकांची बरीच पत्रं आली. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं महसूल, बांधकाम, भूजल आणि आरोग्य या क्षेत्रांत रोज काम करणाऱ्यांकडून घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघं चिंचवडला राहतो. मूळ गाव सिल्लोड तालुक्यातलं, पण तिथं आता घर नाही. चार वर्षांनी निवृत्त होईन. अजिंठ्याच्या डोंगराजवळ, लहान तालुक्याच्या गावी राहावं असं मनात आहे. कन्नड, खुलताबाद, सिल्लोड, सोयगाव आणि वैजापूर ही नावं काढली आहेत. निवड कशी करावी?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : पाचही गावं बघा, पण मे महिन्यात. दिवाळीच्या सुट्टीत आलात तर मराठवाड्यातलं कुठलंही गाव राहण्यासारखंच वाटतं. विहिरी भरलेल्या, रान हिरवं, हवेत गारवा. मेमध्ये दुपारी दोन वाजता बाजारपेठेतून चाला. नळ किती दिवसांनी येतो ते दुकानदाराला नाही, भांडी घासणाऱ्या बाईंना विचारा. आणि आणखी एक विचारा : २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात इथे काय परिस्थिती होती? टँकर यायचे का, किती दिवसांनी, कुठल्या गल्लीपर्यंत? ही दुष्काळाची वर्षं लोकांच्या नीट लक्षात आहेत. त्यांच्या उत्तरावरून जे कळेल ते कुठल्याही जाहिरातीत मिळणार नाही.

आता एकेक गाव. खुलताबाद उंचावर आहे, म्हैसमाळ जवळ, त्यामुळे उन्हाळ्यात रात्री जरा सुसह्य जातात. छत्रपती संभाजीनगर पंचवीस-सत्तावीस किलोमीटरवर, ही सगळ्यात मोठी जमेची बाजू. अडचण दोन प्रकारची. जमिनींचे जुने इनामी गुंते तिथे फार आहेत (पुढे त्यावर वेगळा प्रश्न आहे). दुसरं, खुलताबाद, वेरूळ, दौलताबाद या पट्ट्यात संरक्षित स्मारकं जागोजागी आहेत. केंद्राच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये आधी परवानगी घ्यावी लागते. 'पुढे सगळ्यांनी बांधलंय' या उत्तरावर जाऊ नका. श्रावणातले शनिवार, हनुमान जयंती आणि वेरूळला येणारी गर्दी हेही धरून चाला. त्या दिवशी रुग्णवाहिका कशी निघेल, हा साधा प्रश्न आहे.

कन्नड साधारण साठ किलोमीटरवर. बाजार पुरेसा, गौताळ्याचा डोंगर जवळ, गाव चालत फिरता येतं. मुलं चाळीसगाव-धुळ्याकडे असतील तर मात्र वाटेतल्या औट्रम घाटाचा विचार करा. ३१ ऑगस्ट २०२१ ला अतिवृष्टीत दरडी कोसळून हा घाट बंद पडला होता. पावसाळ्यात चाळीसगावकडून येणं-जाणं नक्की धरता येत नाही. संभाजीनगरची बाजू मोकळी राहते, म्हणून दवाखान्याची सगळी व्यवस्था त्याच बाजूला ठेवा.

सिल्लोडची बाजारपेठ या पाचांत मोठी. डॉक्टर, पॅथॉलॉजी लॅब, चष्म्याचं दुकान, मेडिकल सगळं एका पट्ट्यात. पण शांततेसाठी येत असाल तर मुख्य रस्त्यापासून दोन गल्ल्या आत राहा. सोयगाव नकाशावर जवळ दिसतं, प्रत्यक्षात डोंगराच्या पलीकडे, खाली उतरल्यावर आहे. जिल्ह्याचं काम संभाजीनगरला आणि रोजचा ओढा पाचोरा-जळगावकडे, अशी तिथली विभागणी. खानदेशाच्या बाजूचा उन्हाळाही कडक. पाचोऱ्याला मुंबई-भुसावळ मार्गाची रेल्वे मिळते, हा फायदा. वैजापूरला रोटेगाव स्टेशन आहे, समृद्धी महामार्ग तालुक्यातून जातो, मुंबईला मुलं असतील तर सगळ्यात सोयीचं. पाऊस मात्र पूर्वेकडच्या हिंगोली-नांदेडच्या मानानं बराच कमी.

आमचा कल विचाराल तर : दोघांपैकी एकालाही हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर कन्नड किंवा सिल्लोड. मुंबईचं येणं-जाणं जास्त असेल तर वैजापूर. खुलताबादला राहायला हरकत नाही, पण भाड्यानं. सोयगाव तिथं स्वतःची माणसं असतील तरच.

आणि हे सगळं ठरवताना दोघांची सोय बघू नका. दोघांपैकी मागे राहणाऱ्या एकाची बघा. गाडी चालवणारा गेला की गावाबाहेरचा बंगला दुसऱ्यासाठी कोठडी होतो. म्हणून घर एसटी स्टँड, मेडिकल आणि भाजी बाजारापासून पायी पंधरा मिनिटांत असावं, तळमजल्यावर असावं आणि दोन्ही बाजूंना वस्ती असावी. कोपऱ्यावरच्या मोठ्या प्लॉटचं आकर्षण पासष्टाव्या वर्षी असतं, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिथलं गवत काढायला माणूस मिळत नाही.

चार वर्षं हातात आहेत, तर निवृत्त झाल्यावर पहिलं एक वर्ष भाड्याच्या घरात काढा, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. त्यात उन्हाळा, पावसाळा, गणपती, लग्नसराई सगळं येतं. चिंचवडचा फ्लॅट किमान दोन वर्षं विकू नका, भाड्यानं द्या. लहान गावातली मालमत्ता घ्यायला महिना पुरतो, विकायला कधी कधी तीन वर्षं लागतात. मूळ गावाच्या फार जवळही घर घेऊ नका. वीस-पंचवीस किलोमीटर अंतर असलेलं बरं, नाहीतर पाहुणचार आणि वाटणी दोन्ही एकाच दारानं आत येतात.

प्रश्न : आम्ही बघतोय त्या गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. जागा घेतली तर हौद किती मोठा बांधावा? बोअर घ्यावा का, किती खोल?
– निवृत्त शिक्षिका, ठाणे

उत्तर : आधी हौदाचं गणित. माणशी दिवसाला १३५ लिटर हा शहरी पुरवठ्याचा हिशेब. दोघांना दहा दिवस म्हणजे २,७०० लिटर. त्यात उन्हाळ्यातला कूलर धरा. दिवसाला दहा तास चालला की तो चाळीस-पन्नास लिटर पितो. पाहुणे, धुणं, दोन-चार झाडं धरली की ५,००० लिटर ही किमान गरज झाली. पण पाण्याची एक पाळी हमखास चुकते : पंप जळतो, मुख्य वाहिनी फुटते, धरणात मृतसाठाच उरतो. म्हणून १०,००० लिटरचा हौद बांधा. अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद, दोन मीटर खोल. वर झाकण लोखंडी, कडीकुलपाचं. तळाला एका कोपऱ्याकडे उतार द्या आणि तिथे छोटा खड्डा ठेवा, म्हणजे वर्षातून दोनदा धुताना गाळ काढता येतो. विटांचा हौद काळ्या मातीत टिकत नाही. माती पावसाळ्यात फुगून भिंती आत दाबते, उन्हाळ्यात आकसून आधार सोडते. आरसीसीच करा आणि भोवती फूटभर मुरूम भरा.

पाण्याचा दाब कमी म्हणून घरोघरी नळ खड्ड्यात उतरवलेला दिसेल, दोन-तीन फूट खाली. आजाराची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते. पाणी गेलं की वाहिनी रिकामी होते, खड्ड्यात साचलेलं सांडपाणी नळाच्या तोंडातून आणि सांध्यांतून आत ओढलं जातं. पुढच्या पाळीची पहिली दहा मिनिटं तेच पाणी येतं. नळाला थेट मोटर लावली तर आणखी वाईट, ती शेजारच्या गटारातलंही ओढते. शिवाय ते बेकायदा आहे. खड्डा सिमेंटनं पक्का करून घ्या, नळाला बूच ठेवा, पहिलं पाणी झाडांना सोडा. हौदात हजार लिटरला अडीच-तीन ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर आधी बादलीत कालवा, चुन्याचा गाळ खाली बसू द्या आणि वरचं निवळ तेवढं हौदात ओता. पाणी अर्ध्या तासानं वापरा. उघड्या पिशवीतली पावडर महिनाभरात निकामी होते. नाकाला झोंबत नसेल तर ती पावडर टाकून द्या.

बोअरबद्दल : आपल्याकडे खाली बेसाल्ट आहे. पाणी असतं ते मुरमात, झिजलेल्या खडकात आणि दोन थरांमधल्या भेगांत. काळा पाषाण एकसंध लागला की त्यात पाणी नाही. वरच्या दोनशे-अडीचशे फुटांत ओल लागली नाही तर पाचशेला लागेलच, असा भरवसा नाही, आणि गाडीवाल्याचे पैसे मात्र फुटावर चालू राहतात. म्हणून आधीच सांगून ठेवा : इतक्या फुटांपर्यंत, पुढे विचारल्याशिवाय नाही. शेजारच्या चार बोअरची खोली आणि मेमधली स्थिती विचारा. ही माहिती नारळ हातात धरून पाणी दाखवणाऱ्यापेक्षा उपयोगी. केसिंग पाइप मुरूम संपून कठीण खडकात शिरेपर्यंत हवा. पैसे वाचवायला दहा फूट कमी टाकला की वरची माती ढासळून पंप अडकतो आणि शौचालयाचं पाणी आत उतरतं. शोषखड्डा बोअरपासून किमान पन्नास फूट लांब.

तयार बोअरचं घर घेत असाल तर विक्रेत्याच्या 'दोन इंची पाणी' या शब्दांवर जाऊ नका. दोनशे लिटरचा ड्रम पाइपाखाली ठेवा, घड्याळ लावा. दहा मिनिटांत भरला तर तासाला १,२०० लिटर. पंप सलग चार तास चालवून शेवटी पुन्हा ड्रम लावा. सुरुवातीला दहा मिनिटं आणि शेवटी पंचवीस लागत असतील तर ते साठलेलं पाणी होतं, झरा नाही. ही परीक्षा एप्रिल-मेमध्येच. पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून तपासून घ्या. फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर किंवा नायट्रेट ४५ च्या वर असेल तर ते पिण्याचं पाणी नव्हे. उकळून हे दोन्ही जात नाहीत, उलट घट्ट होतात.

छताचं पाणी धरणं सगळ्यात स्वस्त. १०० चौरस मीटरचं छत, ७०० मिलिमीटर पाऊस, वाया जाणारं वजा करून ८० टक्के हाती : ५६,००० लिटर. पहिले दोन पाऊस बाहेर सोडा, मग गाळणीतून हौदात. हौद भरला की जादा पाणी बोअरभोवती पुनर्भरणाला, पण तेही वाळू-खडीच्या गाळणीतूनच. थेट पाइपात सोडलं तर गाळानं भेगा बुजतात.

प्रश्न : कन्नडच्या बाहेर दोन-दोन गुंठ्यांचे प्लॉट स्वस्तात मिळताहेत. विकणारा म्हणतो, आत्ता बाँडवर करू, नंतर नाव लागेल. खुलताबादला एक जागा बघितली, तिच्या सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' आहे. आमच्या नावावर शेती नाही. काय करावं?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : बाँडवरचा व्यवहार करू नका. मुद्रांक कागदावर नोटरी केली म्हणजे खरेदीखत होत नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या खताशिवाय मालकी तुमच्याकडे येत नाही. दोन गुंठे म्हणजे २,१७८ चौरस फूट, आणि ते शेतजमिनीतून काढलेले असतील तर अडचण दुहेरी आहे. एक, ज्याच्या नावावर शेती नाही त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. तुमच्या वडिलांच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून तुमचं नाव लागलेलं असेल तर वेगळं, आधी ते तपासा. दोन, तुकडेबंदी, म्हणजे ठरलेल्या किमान क्षेत्राहून लहान तुकडा विकायला बंदी. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी किमान क्षेत्र जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे असं ठरलं. तुकडेबंदीत नंतर सवलती दिल्या गेल्या, पण त्या कुठल्या क्षेत्राला आणि कुठल्या तारखेपर्यंतच्या व्यवहारांना लागू आहेत हे सर्व्हे नंबर दाखवून तलाठ्याकडून नव्हे, तहसील कार्यालयातून विचारून घ्या. 'गुंठेवारीत नियमित होईल' हे वाक्य विकणाऱ्याच्या तोंडचं आहे, नियमित करण्याचा खर्च तुमच्या खिशातला.

घ्यायचाच तर अकृषक आदेश आणि नगर रचनेनं मंजूर केलेलं रेखांकन असलेला प्लॉट घ्या. मंजूर नकाशा हातात घेऊन जागेवर जा. नकाशातला नऊ मीटरचा रस्ता जागेवर सहा मीटरचा आणि 'खुली जागा' म्हणून दाखवलेल्या चौकोनात आणखी दोन प्लॉट पाडलेले, हे अगदी नेहमीचं. भूमी अभिलेखची मोजणी करून 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) घ्या, त्यानंतरच उरलेले पैसे द्या. ग्रामपंचायतीचा नमुना आठ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. नगर परिषदेच्या हद्दीत सिटी सर्व्हे झालेला असेल तर मालमत्ता पत्रक मागा.

वर्ग २ चं प्रकरण मराठवाड्यात जास्त जपून बघावं लागतं. हा भाग निजामाच्या राज्यात होता, सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात आला. इथली कुळवहिवाट १९५० च्या हैदराबाद कायद्यानं चालते, पश्चिम महाराष्ट्राच्या कायद्यानं नाही. त्यामुळे पुण्यातले खरेदीचे व्यवहार करणाऱ्या वकिलाचा सल्ला इथे पुरत नाही. वर्ग २ म्हणजे सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय जमीन विकता येत नाही. ती वर्ग २ कशामुळे झाली, हा खरा प्रश्न. मदतमाश म्हणजे निर्वाहासाठी दिलेलं इनाम, खिदमतमाश म्हणजे मशीद-दर्ग्याच्या किंवा मंदिराच्या सेवेसाठी दिलेली जमीन, कुळाला मिळालेली, सीलिंगची, गायरानातून वाटलेली, धरणग्रस्ताला दिलेली : प्रत्येकाचा नियम वेगळा आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम) वेगळा. सेवेच्या इनामाची किंवा वक्फची जमीन असेल तर कितीही स्वस्त मिळो, हात जोडून निघून या.

तपासणीचा क्रम असा ठेवा. चालू सातबारा आणि आठ-अ. मग 'इतर हक्क' या रकान्यातल्या प्रत्येक फेरफाराची नक्कल. मग तहसीलच्या अभिलेख कक्षातून १९५४-५५ चं खासरा पत्रक. आपल्या भागात मालकीचं मूळ तिथे सापडतं, आणि सातबाऱ्यावर पुढे गळालेला 'इनाम' हा शब्द तिथे हमखास दिसतो. नंतर दुय्यम निबंधक कार्यालयात तीस वर्षांचा शोध, सूची दोनच्या नकलांसह. शेवटी स्थानिक वर्तमानपत्रात पंधरा दिवसांची जाहीर नोटीस. बहिणींचं हक्कसोड पत्र नोंदणीकृत आहे का, हेही बघा. तोंडी सोडलेला हक्क जमिनीचा भाव वाढला की परत येतो. नोंदणी फी किमतीच्या एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. मागे राहणाऱ्याचा विचार केला तर पत्नीच्या नावावर घेणं तसंही शहाणपणाचं.

प्रश्न : भोकरदन तालुक्यात सासऱ्यांचं पाच खणांचं धाब्याचं घर आहे. दगड-मातीच्या भिंती, वर माळवद, म्हणजे लाकडावरचं मातीचं सपाट छत. दुरुस्त करून राहावं की पाडून बांधावं? खाली काळी माती आहे.
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : माळवदाचं घर उन्हाळ्यात थंड असतं यात वाद नाही. पण दरवर्षी गळतं म्हणून प्रत्येक पिढीनं वर पांढरी माती टाकली, जुनी काढली नाही. दोन फूट थर झाला असेल तर एका चौरस मीटरवर जवळजवळ एक टन वजन आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला पहाटे माणसं दगावली ती प्रामुख्यानं अशाच छतांखाली आणि फुटलेल्या दगडी भिंतींखाली. उत्तर भागाला तसा धक्का बसलेला नाही, पण हिंगोली जिल्ह्यात २०२४ मध्ये ४.५ तीव्रतेचे धक्के दोनदा जाणवले. शिवाय वाळवीला भूकंपाची वाट बघावी लागत नाही.

तपासा असं : प्रत्येक तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे स्क्रू ड्रायव्हर खुपसा. इंचभर सहज गेला तर तुळई आतून गेली. किलचणं (तुळयांवरच्या आडव्या लाकडी पट्ट्या) काळी पडलेली असतील तर तिथे गळती जुनी आहे. भिंत बाहेरच्या अंगाला पोट काढून उभी असेल तर तिच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांचा एकमेकांशी सांधा सुटला आहे. तिची दुरुस्ती नाही, ती उतरवूनच बांधायची. भिंती सरळ आणि लाकूड सागवानी, ठणठणीत असेल तर राहता येईल : माती उतरवून वीतभर थर ठेवा, वर पाणी न झिरपणारा थर द्या, खांब-तुळईच्या सांध्याला तिरप्या टेकण्या मारा, भिंतीत दर मीटरला आरपार बांधणारा दगड किंवा काँक्रीटचा तुकडा घाला. हे काम जाणणारे गवंडी आता कमी राहिलेत. आधी माणूस शोधा, मग निर्णय घ्या.

नवं बांधत असाल तर पायाच्या जागी दोन खड्डे काढून मुरूम किती फुटांवर लागतो ते बघा. माथ्यावर दोन-तीन फुटांवर लागतो, नदीकाठी दहा-बारा फूट काळीच असते. पाया मुरमावरच टेकला पाहिजे. फार खोल असेल तर खाली फुगीर तोंडाच्या पाइल (जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब) करून त्यांवर प्लिंथ बीम, हे अभियंत्याकडून काढून घ्या. फरशीखाली काढलेली काळी माती परत भरू नका, ठेकेदार हमखास भरतो. मुरूम आणायला लावा. काळी माती पावसाळ्यात कडेनं ओली होऊन फुगते, मध्ये कोरडी राहते, म्हणून खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा जातात आणि श्रावणात दारं अडकतात. घराभोवती मीटरभर रुंद, बाहेर उतार असलेली फरशी घाला म्हणजे कडा ओली होत नाही. न्हाणीचं पाणी पायाजवळ मुरू देऊ नका.

प्रश्न : मी ६३ वर्षांची, एकटी. दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवली आहे. भाऊ कन्नडला आहे म्हणून तिथे जावंसं वाटतं. धोका आहे का?
– एक वाचिका, पुणे

उत्तर : आहे, पण आधी तयारी केली तर आटोक्यातला. कन्नडहून संभाजीनगरला अँजिओप्लास्टीच्या टेबलापर्यंत पोचायला रात्री दीड ते दोन तास धरा. छातीत कळ आल्यावर एवढा वेळ नुसता प्रवासात घालवायचा नाही. म्हणून गावात दोन गोष्टी आहेत का ते आधी बघा : रात्री दोन वाजता ईसीजी काढून वाचणारा डॉक्टर आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. दवाखान्याच्या पाटीवर '२४ तास' लिहिलेलं असतं, म्हणून खरंच रात्री अकरानंतर फोन करून बघा. फिजिशियन गावात राहतो की संध्याकाळी शहरात परततो, हे औषधाच्या दुकानात बरोबर सांगतात.

शहरातलं कुठलं रुग्णालय, हे आधीच ठरवा आणि एकदा जाऊन तिथे केस पेपर काढून ठेवा. सरकारी हवं तर घाटी, म्हणजे संभाजीनगरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. १०८ ची गाडी कुठे उभी असते ते बघा, आणि शेजारचे दोन गाडीवाले नंबरासह भिंतीवर लिहून ठेवा. जुना ईसीजी, अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि गोळ्यांची यादी एका पिशवीत दाराजवळ. जुना ईसीजी समोर असला की नवीन बदल डॉक्टरला लगेच ओळखता येतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या महिन्याच्या आगाऊ ठेवा, तालुक्याच्या गावी नेमकी तीच कंपनी संपलेली असते. भावाच्या घरापासून पायी पाच मिनिटांत भाड्यानं घर घ्या, एकाच घरात नको. सत्तर वर्षं पूर्ण झाली की आयुष्मान वय वंदना कार्डावर उत्पन्नाची अट न लावता वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. यादीतलं जवळचं रुग्णालय कुठलं ते मात्र आधी बघा. तोवर तुमची आरोग्य विमा पॉलिसी मोडू देऊ नका.

प्रश्न : उन्हाळ्यात लाईट जाते म्हणतात. इन्व्हर्टर पुरतो का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दीडशे अँपिअर-तासाची एक बॅटरी दोन पंखे, चार दिवे, वायफाय मिळून दोनशे-अडीचशे वॅटला पाच तासांच्या आसपास चालते. कूलर जोडला की तीन. उन्हाळ्यात बॅटरीचं पाणी दर महिन्याला बघा. सौर छत लावायचं तर पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला ६०,००० आणि तीन किंवा जास्तला ७८,००० रुपये अनुदान आहे. पण साधी ग्रीडला जोडलेली सौर यंत्रणा लाईट गेली की बंद पडते. बॅटरीसह हवी असेल तर तसं आधीच लिहून घ्या.

प्रश्न : पेन्शन पुण्यातून येते, ती बदलावी का? एसटीत सवलत कोणाला?
– एक वाचक, पुणे

उत्तर : वर्षभर भाड्यानं राहून बघेपर्यंत पेन्शन हलवू नका. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये घरबसल्या मोबाइलवर, चेहरा दाखवून देता येतो. केंद्राच्या ऐंशी ओलांडलेल्या निवृत्तांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. बोटांचे ठसे म्हातारपणी उमटत नाहीत, म्हणून चेहऱ्याचाच पर्याय वापरा. मुक्काम पक्का झाला की मात्र खातं जवळच्या शाखेत आणा, आधारवरचा पत्ता बदला आणि खातं पत्नीबरोबर संयुक्त ठेवा.

एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ७५ पूर्ण झाल्यावर मोफत. महिलांना मार्च २०२३ पासून वय न बघता अर्धं तिकीट आहे. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड सोबत ठेवा, आणि त्यावर जन्मतारीख पूर्ण आहे की नुसतं वर्ष, हे आधी बघा. नुसतं वर्ष असेल तर आधार केंद्रात जन्मतारखेचा दाखला देऊन दुरुस्त करून घ्या, कारण कंडक्टर दर फेरीला वेगळा असतो.